बाटलीच्या पाठीवरची बारीक अक्षरं

चांगुलपणाला जादा पैसे पडतात, हे आपण आता निमूटपणे मान्य करून टाकलंय. सेंद्रिय भाजी महाग, हातमागाची साडी महाग, आणि प्राण्यांना इजा न करता बनवलेलं फेसवॉश तर दुप्पट-तिप्पट महाग. ज्याच्या खिशात आहेत त्याने भूतदया करावी, बाकीच्यांनी मिळेल ते तोंडाला लावावं, असा एकूण हिशेब. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. निदान त्वचेच्या बाबतीत तरी तो खोटा आहे, आणि खोटा का आहे ते नीट मांडावं म्हणून हे लिहायला बसले.

निमित्त माझ्या भाचीचं. ती सांगलीला शिकते, वसतिगृहात राहते, घरून येणाऱ्या पैशांत महिना कसाबसा भागवते. मध्यंतरी तिने दुकानातून फेसवॉशच्या एका बाटलीचा फोटो पाठवला. किंमत ५९९ रुपये, वर उडी मारणारा ससा. खाली लिहिलं होतं, "मावशी, साधं घेतलं तर ते सशांच्या डोळ्यांत घालून बघितलेलं असतं का गं? तसं असेल तर मी हेच घेते. मेसचा नाश्ता बंद करते थोडे दिवस."

वाचून भरून आलं आणि रागही आला. भरून आलं ते पोरीसाठी. राग आला तो त्या सशाच्या चित्राला लावलेल्या किमतीचा.

तिला मी लगेच कळवलं: नाही. भारतात बनलेल्या साध्यातल्या साध्या फेसवॉशसाठीही सशाच्या डोळ्यांत काही घालत नाहीत. तसं करणं आपल्याकडे बेकायदा आहे.

ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते, आणि कंपन्यांना ती ओरडून सांगायची गरज वाटत नाही. जून २०१३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या समितीने प्रसाधनांच्या चाचण्यांच्या मानकातून प्राण्यांवरचे प्रयोग काढून टाकायचं ठरवलं. मे २०१४ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १४८-सी हा नियम आला: सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कुणीही प्राणी वापरायचा नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून परदेशात प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करायलाही बंदी झाली. दक्षिण आशियात हे पाऊल उचलणारा आपला देश पहिला. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांसाठी वेगळे नियम आले, त्यांतही ही बंदी कायम राहिली. म्हणजे दहा रुपयांची साबणाची वडी आणि ५९९ रुपयांची बाटली या एका बाबतीत एकाच पायरीवर उभ्या आहेत.

भाचीच्या मनात डोळ्यांत घालण्याचं जे चित्र होतं ते मात्र कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जायचा. त्याने बायकांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाल्या, दृष्टी गेली, एक जण दगावली. त्या काळी प्रसाधनांवर तिथे कायद्याचा वचकच नव्हता. १९३८ मध्ये कायदा आला, आणि १९४४ मध्ये सरकारी खात्यातल्या जॉन ड्रेझ या विषतज्ज्ञाने एक चाचणी बसवली. पांढऱ्या सशाला मान बाहेर राहील अशा खोक्यात अडकवायचं. एका डोळ्याची खालची पापणी ओढून त्यात तपासायच्या पदार्थाचा ०.१ मिली थेंब सोडायचा. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग तासातासाने, दिवसादिवसाने लाली, सूज, व्रण, पांढरेपणा मोजत राहायचं. ससाच का? तो गरीब, ओरडत नाही, स्वस्तात मिळतो, आणि पांढऱ्या सशाच्या डोळ्यातली लाली चटकन दिसते. त्याला माणसापेक्षा अश्रू कमी येतात, त्यामुळे घातलेला पदार्थ लवकर धुऊनही निघत नाही. डोळ्याची घडण वेगळी, पाणी वेगळं, म्हणजे मिळालेलं उत्तर माणसाला कितपत लागू पडेल याचीही खात्री नाही. बायकांचे डोळे वाचावेत या काळजीतून सुरू झालेली गोष्ट पुढे मस्कारा, शॅम्पू, दुर्गंधीनाशक अशा प्रत्येक नव्या बाटलीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.

ती थांबायला माणसांनी खूप रेटा लावलाय. हेन्री स्पायरा नावाच्या शिक्षकाने एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन रेव्हलॉन कंपनीला जाहीर प्रश्न विचारला, की सौंदर्यापायी तुम्ही किती सशांना आंधळं करता? त्याच वर्षअखेर कंपनीने पर्याय शोधण्यासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. आज प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या थरावर जळजळ तपासता येते आणि ती पद्धत जगभर मान्य आहे. आपल्याकडेही हे काम जुनं आहे. इंग्लंडमध्ये १९५९ साली सुरू झालेल्या 'ब्युटी विदाउट क्रुएल्टी' चळवळीची भारतातली शाखा १९७४ साली डायना रत्नागर यांनी सुरू केली, आणि ती चालते पुण्यातून. मी पुण्यात राहणारी, त्यामुळे मला याचा जरा जास्तच अभिमान आहे.

मग सशाचं चित्र निरर्थक का? तसंही नाही. पण ससे सारखे नसतात. 'लीपिंग बनी' हे चिन्ह १९९६ पासून प्राणिरक्षक संस्थांच्या एका गटाकडून दिलं जातं. त्यासाठी कंपनीला कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंतचा हिशेब द्यावा लागतो आणि तपासणीलाही तयार राहावं लागतं. दुसऱ्या काही यादींत कंपनीचं लेखी आश्वासन पुरतं. आणि काही ससे कंपनीच्या चित्रकारानेच काढलेले असतात, त्यांच्यामागे कुणीच उभं नसतं.

खरा प्रश्न येतो तो जगभर माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा. चीनमध्ये एप्रिल २०२१ पर्यंत आयात केलेल्या प्रसाधनांवर प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. १ मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांना काही अटींवर सूट मिळाली, केसांचे रंग आणि सनस्क्रीन यांसारख्या खास गटाला ती मिळालेली नाही. युरोपात मार्च २०१३ पासून संपूर्ण बंदी आहे. तरीही तिथे रसायनांचा जो वेगळा कायदा आहे, त्याखाली कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी चाचण्या मागता येतात. सनस्क्रीनमधल्या दोन घटकांवरून असा वाद कोर्टात गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल चाचण्यांच्या बाजूने लागला. म्हणून मी स्वतःपुरता नियम केलाय: माल इथेच बनतो आणि इथेच विकला जातो, तर कायदा पुरेसा. कंपनी जगभर पसरलेली असेल तर सशाचं चिन्ह देणाऱ्या संस्थांच्या याद्यांत तिचं नाव शोधायचं. याद्या फुकट बघता येतात. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

हे मिटलं की बाटली उलटी करायची. माझ्या मते खरं वाचन तिथून सुरू होतं.

मागच्या बारीक अक्षरांतली यादी उतरत्या क्रमाने असते. जे सर्वांत जास्त ते आधी. बहुतेक क्रीमांत पहिलं पाणी, मग ग्लिसरीन किंवा एखादं तेल, मग ते दोन्ही एकत्र धरून ठेवणारे पदार्थ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ज्याचा गवगवा केलेला असतो, ते केशर किंवा कमळ पुष्कळदा सुगंधाच्याही नंतर, यादीच्या शेपटाला सापडतं. स्वस्त आणि महाग अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून पहिली पाच-सहा नावं वाचून बघा. अनेकदा ती तीच असतात. ज्यांना रसायनशास्त्राची भीती वाटते त्यांनाही एवढं जमतं. माझ्या आईला जमलं, आणि ती चाळिशीच्या चष्म्यावर भिंग धरून वाचते.

इथेच दुसरा एक गैरसमज दूर होतो. प्राण्यांवर तपासलेलं नाही म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं नाही, असं नव्हे. लिपस्टिकमधला कारमाइन हा लाल रंग, वेष्टणावर सीआय ७५४७० या रंगक्रमांकाने लिहिलेला, निवडुंगावरच्या किड्यांना वाळवून, कुटून काढतात. एक पौंड रंगाला साधारण ७०,००० किडे लागतात. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून येतं, सेरा अल्बा म्हणजे मधमाशांचं मेण. स्क्वॅलीन शार्कच्या यकृतातून काढत आले आहेत, आता ते ऑलिव्ह आणि उसापासूनही बनतं. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचंही असू शकतं, चरबीचंही; नुसत्या नावावरून कळत नाही. खाण्याच्या पाकिटांवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण जसा हटकून असतो, तसा प्रसाधनांवर नसतो. काहींवर दिसतो, काहींवर नाही. तो सगळ्यांवर सक्तीने यावा असं मला मनापासून वाटतं. जैन, वैष्णव, वारकरी घरांत जेवणाच्या ताटाबद्दल एवढा काटेकोरपणा असतो, तर ओठांना लागतं त्याबद्दल जाणून घ्यायचा हक्क का नसावा?

दूध, साय, मध यांच्याबद्दल लोक मला विचारतात. आपल्या आज्यांनी साय-बेसन लावलं, आम्हीही लहानपणी लावून घेतलं. आता मी लावत नाही. साय पोटात जावी, तिथे तिचं मोल आहे. चेहऱ्याला मसुराचं पीठ आणि पाणी पुरतं.

प्राण्यांचं इतकं बोलताना माणसं विसरून चालणार नाही. आयशॅडोत, हायलायटरमध्ये, काही टूथपेस्टमध्येसुद्धा जी चमक असते ती बहुधा अभ्रकाची. यादीत 'मायका' किंवा सीआय ७७०१९. हे अभ्रक मोठ्या प्रमाणावर झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह आणि शेजारच्या बिहारच्या पट्ट्यातून येतं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तिथल्या बऱ्याच अधिकृत खाणी बंद पडल्या, पण जुन्या ढिगाऱ्यांतून आणि उंदरांच्या बिळांसारख्या भुयारांतून 'ढिबरा', म्हणजे अभ्रकाचा चुरा, वेचणं थांबलं नाही. वेचणाऱ्यांत लहान मुलं असतात. माती खचते, मुलं गाडली जातात, आणि खाण कागदावर नसल्यामुळे मृत्यूही कागदावर येत नाहीत. २०१७ मध्ये कंपन्या आणि संस्थांनी मिळून 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' सुरू केलं, काही जणांनी कृत्रिम अभ्रक वापरायला घेतलं. यादीत ते 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' म्हणून दिसतं. पण ज्या डबीवर ससा आहे आणि आतली चमक कुठून आली याचा पत्ता नाही, तिला क्रूरतामुक्त म्हणायला माझी जीभ वळत नाही.

"मग सरळ नैसर्गिक वापरावं, घरचं उटणं काय वाईट?" हे पुढचं वाक्य मला तोंडपाठ झालंय. उटणं उत्तमच. दिवाळीच्या आधी मी रविवार पेठेत बोहरी आळीकडे काष्ठौषधींच्या दुकानात जाते आणि तयार पुडी न घेता जिन्नस सुटे घेते: वाळा, नागरमोथा, आंबेहळद, गवला कचरी. मसूर डाळ आणि वाळवलेल्या संत्र्याच्या साली घरच्याच. सुटं घेतलं की भेसळ डोळ्यांना दिसते, नाकाला कळते, आणि वर्षभराचं उटणं एका फेसवॉशच्या किमतीत होतं. धुतलेलं पाणी झाडांना घातलं तरी बिघडत नाही. फेसवॉशमधले खरखरीत प्लास्टिकचे मणी गटारातून नदीत आणि नदीतून माशांच्या पोटात जायचे, तशी भानगड नाही. (मानक ब्यूरोने २०१७ मध्ये हे मणी प्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले. जुना साठा कुठे दिसला आणि यादीत 'पॉलिइथिलीन' असेल, तर घेऊ नका.)

पण उटण्यातही निवड आहे. दुकानदार हमखास विचारतात, "जटामांसी टाकू?" जटामांसी हिमालयातली, उंचावरची, हळू वाढणारी वनस्पती. मुळासकट उपटून इतकी नेली, की आंतरराष्ट्रीय यादीत ती आता अतिसंकटग्रस्त आहे. चंदनाचं झाडही धोक्याच्या यादीत आहे, आणि अस्सल चंदन परवडतं कुणाला? याउलट नागरमोथा. शेतकऱ्याला नको झालेल्या लव्हाळ्याच्याच कुळातला, गाठी उपटल्या तरी पुन्हा उगवणारा. त्याचा वासही मला चंदनापेक्षा प्यारा आहे, पहिल्या पावसाच्या मातीजवळ जाणारा. स्वस्त आणि निसर्गाला न बोचणारं असं दोन्ही एकाच मुळीत मिळत असेल तर जटामांसीचा आग्रह कशाला? लिंबाबद्दलही सांगते, कारण मुली ते सर्रास चोळतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग पडतात. नैसर्गिक आहे म्हणून ते सौम्य असतंच असं नाही.

आणि आता माझ्या सर्वांत लाडक्या वस्तूकडे येते: कोकमाचं तेल. कोकणात त्याला मुठेल म्हणतात, तळकोकणात आणि गोव्यात भिरंडेल.

कुडाळकडे आमच्या काकूच्या मागच्या पडवीत मे महिन्यात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग पडतो. फळं फोडायची, साली आमसुलांसाठी एकीकडे, रस आगळासाठी दुसरीकडे. उरतात त्या बिया. त्या धुऊन पार कडक वाळवतात, टरफल फोडून आतला गर काढतात, कुटतात आणि मोठ्या टोपात पाण्याबरोबर उकळत ठेवतात. बराच वेळ नुसता तांबूस गढूळ फेस दिसतो. मग कडेकडेने तेलाचे डोळे यायला लागतात, ते एकमेकांना मिळतात आणि वर एक तवंग धरतो. काकू तो पळीने अलगद काढून दुसऱ्या भांड्यात घेते. निवायला लागला की घट्ट होतो, आणि पूर्ण घट्ट व्हायच्या आत ती तो मुठीत दाबून लांबट गोळे करते. पांढुरका-करडा गोळा, त्यावर तिच्या चारही बोटांचे वळ. कागदात गुंडाळून ठेवला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. "जरासा ऊन कर नि टाचांक लाय," एवढीच वापरण्याची सूचना.

फुटलेल्या ओठांना, उललेल्या गालांना, टाचांच्या भेगांना इतकं गुणकारी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. खोलीच्या तापमानाला ते घट्टच राहतं, म्हणून ओठांचं मलम करताना मधमाशांचं मेण घालावं लागत नाही. एक भाग मुठेल, दीड-दोन भाग खोबरेल, मंद वाफेवर वितळवून छोट्या डबीत ओतलं की झालं. बी तर फळाचा टाकाऊ भाग, त्यासाठी एकही जादा झाड लावावं लागत नाही, कुठलं जंगल तोडावं लागत नाही. झाड आपल्याच पश्चिम घाटातलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. हेच तेल परदेशी क्रीमच्या यादीत 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' या भारदस्त नावाने येतं आणि किंमत कुठल्या कुठे जाते. पुण्यात भीमथडी जत्रेत किंवा मुंबईत सरस प्रदर्शनात कोकणातल्या बचत गटांच्या बायका आल्या, की त्यांच्याकडे मुठेल आहे का विचारा. मांडलेलं नसलं तरी पिशवीत असतं कधी कधी.

पर्यावरणाचं बोलायचं तर आतल्या ऐवजाइतकंच वेष्टण महत्त्वाचं, आणि त्यातलं मला जे कळतं ते पुस्तकातून आलेलं नाही. आमच्या इमारतीत रोज सकाळी 'स्वच्छ'च्या ताई कचरा घ्यायला येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना आहे; तिच्यातूनच २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. एकदा मी न्हाणीघरातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या-नळ्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि त्यांना विचारलं, यातलं तुमच्याकडून विकलं काय जातं?

त्या जिन्यातच बसल्या. शॅम्पूची जाड बाटली दाबून बघितली आणि उजवीकडे ठेवली. "हा फुगा. याला भाव आहे." गुलाबपाण्याची पारदर्शक बाटली पाण्याच्या बाटल्यांबरोबर जाते, तीही उजवीकडे. काचेची बरणी: "जड असती, पैसे थोडे, पण जाती." मग क्रीमची चपटी नळी डावीकडे. बाहेरून प्लास्टिक, आत चंदेरी थर, कुणी घेत नाही. लोशनचा पंप हातात घेऊन त्यांनी नखाने उचकटायचा प्रयत्न केला. आत लोखंडी स्प्रिंग, दोन जातींचं प्लास्टिक. "हे सोडवत कोण बसणार, ताई?" डावीकडे. मग माझी आवडती बरणी आली, वर बांबूचं सुंदर झाकण असलेली, 'पृथ्वीस्नेही' लिहिलेली. त्यांनी झाकण उलटं केलं. बांबूच्या आत प्लास्टिकची चकती घट्ट चिकटवलेली. लाकूडही नाही, प्लास्टिकही नाही. तेही डावीकडे. शेवटी शॅम्पूची पाऊचं. ती त्यांनी हातातही घेतली नाहीत. "ही तर वेचायला वाकलं तरी मोल नाही. पावसाळ्यात चेंबरच्या तोंडाशी हीच." आणि उठता उठता म्हणाल्या, "साबणाला नुसता कागद असायचा की पहिल्यांदा."

तेव्हापासून दुकानात बाटली हातात घेतली की मी तिला मनातल्या मनात उजवीकडे किंवा डावीकडे ठेवते.

पाऊचबद्दल मात्र मी घेणाऱ्याला बोल लावणार नाही. तामिळनाडूत चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू पाऊचमध्ये आणला तो रोजंदारीवाल्यालाही परवडावा म्हणूनच. ज्या बाईच्या हातात आज दोनच रुपये आहेत, तिने पाचशे मिलीची बाटली घ्यावी असं सांगायला जीभ धजत नाही. तिथे उपाय दुकानदाराच्या पातळीवर व्हायला हवा. गोडं तेल जसं एके काळी आपण किटली घेऊन मोजून आणायचो, तसं शॅम्पू आणि साबणही वाण्याकडे सुटं मिळायला काय हरकत आहे? वसतिगृहांत तर हे उद्या सुरू होऊ शकतं. चौघींनी मिळून मोठी बाटली घ्यायची आणि आपापल्या जुन्या बाटलीत भरून घ्यायची. भाचीच्या मजल्यावर मुलींनी तसं केलंय, आणि प्रत्येकीचा खर्च निम्म्याच्या आसपास आला.

मुळात लागतं किती? तोंड धुवायला काहीतरी, कोरडेपणाला काहीतरी, उन्हाला काहीतरी. टोनर, सीरम, एसेन्स, रात्रीचं वेगळं, डोळ्यांखालचं वेगळं, हे सगळं निरोगी वीस वर्षांच्या चेहऱ्याला लागत नाही. जी बाटली घेतलीच नाही, तिच्यासाठी ना जंगल तुटतं, ना किडा कुटला जातो, ना ताईंना डावीकडे काही ठेवावं लागतं.

धुवायला साबणाची वडी चालत असेल तर वडीच घ्यावी. वेष्टणावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचं प्रमाण, बघायचा, ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे पहिली श्रेणी. बारीक अक्षरांत 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर त्यात साबण कमी असतो. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेल, आणि ते बहुतेक साबणांत असतं. इंडोनेशिया-मलेशियातली जंगलं त्यापायी तुटली हे खरं. पण एका हेक्टरात पाम जेवढं तेल देतो त्याच्या आसपासही नारळ किंवा सोयाबीन येत नाही, त्यामुळे नुसतं तेल बदलून भागत नाही. साबण कमी वापरणं हेच खरं. रोज नखशिखांत फेस करायची आपल्या अंगाला गरज नसते. साबणाने चेहरा ओढल्यासारखा होत असेल किंवा मुरमं असतील, तर साधं, बिनवासाचं फेसवॉश घ्यावं, त्यात कमीपणा नाही. कोरडेपणाला औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, गुलाबपाण्यात पातळ करून, ओलसर चेहऱ्यावर. थंडीत त्यावर मुठेल.

स्वस्ताच्या नादात एकच गोष्ट कधीच घेऊ नये: पार्लरमधून किंवा कुणाच्या ओळखीने आलेली, घटकांची यादी नसलेली, आठवड्यात गोरं करणारी क्रीमची डबी. त्यात पारा निघालाय, स्टेरॉइड निघालीत. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांमागे अशीच क्रीमं असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. गोरेपणाची हाव विकणं हीसुद्धा क्रूरताच आहे, आणि ती थेट आपल्या मुलींवर चालते.

पैसे खर्चायचे तर सनस्क्रीनवर खर्चावेत. वाचवलेले तिथेच लावा. पण तिथेही युक्ती आहे. दुचाकीवरच्या पुण्याच्या मुली ओढणीने चेहरा आणि लांब हातमोज्यांनी हात झाकतात, त्याला बाहेरचे लोक हसतात. मला त्यात शहाणपण दिसतं. सुती कापड ऊन अडवतं, धुऊन पुन्हा वापरता येतं, आणि मग उघड्या भागापुरतंच सनस्क्रीन लागतं. समुद्रावर जाणार असाल तर यादीत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं आहेत का पाहा. प्रयोगशाळेत प्रवाळांना त्यांचा त्रास होताना दिसला म्हणून हवाई बेटांनी १ जानेवारी २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. प्रवाळांचा मोठा शत्रू तापत चाललेलं पाणीच आहे, हे मान्य. पण मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत, आणि सुट्टीत शेकडो माणसं स्नॉर्कलिंगला त्याच उथळ पाण्यात उतरतात. अंगभर बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातला तर पाठीला आणि हातांना काही लावायलाच लागत नाही. चेहऱ्यापुरतं झिंक ऑक्साइडचं घ्यावं. पांढरट दिसतं, दिसू दे.

एवढं करूनही काही प्रश्नांची उत्तरं बाटलीवर मिळत नाहीत. प्रत्येक वेष्टणावर ग्राहक सेवेचा फोन आणि ई-मेल छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा मी मनसोक्त उपयोग करते. मराठीतच लिहिते. तीन प्रश्न असतात: तुमचं ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतीचं की चरबीचं, अभ्रक वापरत असाल तर ते कुठून येतं, आणि रिकामी नळी परत घ्यायची काय सोय आहे. एका छोट्या उद्योगाच्या मालकीणबाईंनी पुरवठादाराचा कागदच जोडून पाठवला, वर फोन करून काचेची बरणी परत आणून दिल्यास दहा रुपये सूट सांगितली. मोठ्यांकडून बहुधा चार ओळींचं गुळगुळीत उत्तर येतं, त्यात प्रश्न तसाच राहतो. काहींकडून काहीच येत नाही. त्यांना मी पुढच्या महिन्यात तेच पत्र पुन्हा पाठवते, आणि आता भाचीच्या मजल्यावरच्या मुलीही आपापल्या नावाने पाठवतात.